बिलगावचे पंधरा किलोवॅट

कसबा पेठेतल्या लाल महालात सोन्याच्या नांगराचं शिल्प आहे. शाळेच्या सहली तिथे थांबतात आणि मुलांना गोष्ट सांगितली जाते: आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने 1630 च्या सुमारास पुणं बेचिराख केलं, गावावर गाढवांचा नांगर फिरवला, पहार ठोकली, पुढे जिजाबाईंनी त्याच जमिनीत सोन्याचा नांगर फिरवून कसबा पुन्हा वसवला. गोष्ट सुंदर आहे. भेदरलेल्या रयतेला आधी शकुन लागतो, हे त्यात बरोबर ओळखलेलं आहे. पण एका नांगरटीने गाव वसत नाही. उजाड मुलूख पुन्हा लागवडीखाली आणायचा तर त्या काळी रयतेला कौल द्यावा लागे, इस्तावा करावा लागे, म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र आणि मग दरसाल थोडा थोडा चढता. ती हमी मिळाली की परागंदा झालेली कुळं परतत. नांगर लोकांच्या लक्षात राहिला, इस्तावा इतिहासाच्या पुस्तकात गेला. परदेशात राहणाऱ्या भारतीयांनी इथल्या खेड्यांसाठी केलेल्या कामाविषयी आपण बोलतो तेव्हाही असंच घडतं. अमेरिकेतून आलेला इंजिनिअर आपल्याला दिसतो. गावात अगोदरपासून काय उभं होतं आणि तो विमानात बसल्यावर मागे काय उरलं, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते या कामाचं यशापयश सगळं याच दोन प्रश्नांवर ठरतं.

आधी आकाराचा अंदाज घ्यायला हवा, कारण त्यात बरीच गल्लत होते. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत तो सुमारे एक पंचमांश होता, केरळपेक्षा किंचित जास्त. कसब्यातल्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतही अनेक घरांचं कुणी ना कुणी बाहेर असतं. पण हा पैसा मुख्यतः घरी येतो. आईवडिलांचा दवाखाना, फ्लॅटचा हप्ता, भाचीचं शिक्षण यांत तो जातो, आणि त्यात गैर काही नाही. खेड्यातल्या सार्वजनिक कामासाठी वेळ आणि पैसा देणारे लोक त्या मानाने मूठभर आहेत. न्यूयॉर्क परिसरातल्या मराठी मंडळींनी 1978 मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन सुरू केलं. 1991 मध्ये बर्कलीला ‘आशा’ आणि मेरीलँड विद्यापीठात ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ म्हणजे ‘एड’ या विद्यार्थ्यांच्या संघटना निघाल्या. भूजच्या भूकंपानंतर 2001 मध्ये अमेरिकन इंडिया फाउंडेशन आलं. मोठ्या फाउंडेशनांना पगारी कर्मचारी असतात, पण ‘आशा’ आणि ‘एड’ची ताकद आहे नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्या लोकांची. प्रकल्पांचे अर्ज वाचायचे, त्यांवर वाद घालायचे, दिवाळीचा फराळ किंवा मैफल ठेवून पैसे जमवायचे, आणि सुट्टीवर भारतात आलं की घरच्यांची कुरकुर ऐकून घेत दोन दिवस काढून एखादं गाव पाहून यायचं, असं त्याचं रूप असतं. चित्रपट काढावा असं यात काही नाही.

तरी चित्रपट निघाला. डिसेंबर 2004 मध्ये आलेल्या आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मध्ये नासातला मोहन भार्गव चरणपूर नावाच्या खेड्यात येतो आणि झऱ्याच्या पाण्यावर वीज तयार करून देतो. कथेतलं गाव उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण झालं ते मात्र वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर. ज्या कामावरून ही कल्पना सुचली असं सांगितलं जातं ते बिलगावही आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात. म्हणजे गाव महाराष्ट्रातलं, घाट महाराष्ट्रातला, दिग्दर्शक कोल्हापूरचे, आणि गोष्ट मात्र उत्तर प्रदेशात! ते सोडून देऊ. चित्रपटातून जे वगळलं गेलं ते याहून महत्त्वाचं आहे.

बिलगाव सातपुड्यात, उदई नदीच्या काठी आहे. वस्ती भिल्ल-पावरा आदिवासींची, डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांची. नदीला तिथे नैसर्गिक धबधबा आहे. 2003 च्या जानेवारीत या पाण्यावर पंधरा किलोवॅटचं छोटं वीजकेंद्र सुरू झालं. तांत्रिक बाजू केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या अभियंत्यांनी सांभाळली. पाठबळ दिलं ‘एड’ने. तिचे संस्थापक रवी कुचिमंची 1998 मध्ये अमेरिका सोडून भारतात परतले होते. खोदाई, दगड वाहणं, बांध आणि पाट बांधणं हे काम गावकऱ्यांनी श्रमदानाने केलं. आणि या सगळ्यांना एकत्र आणलं ते नर्मदा बचाओ आंदोलनाने. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात येत होती. त्या लढ्यामुळे पाड्यापाड्यांत सभा घ्यायची, ठराव करायचा, जबाबदाऱ्या वाटून घ्यायच्या ही सवय 1980 च्या दशकापासून रुजलेली होती. आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाण इथून ‘जीवनशाळा’ सुरू केल्या होत्या, पहिले धडे मुलांच्या स्वतःच्या बोलीतून देणाऱ्या. परदेशातून आलेल्या माणसाला इथे मोकळं माळरान मिळालं नाही. त्याला मिळालं एक जागं, भांडायला तयार असलेलं गाव. चित्रपटात धरण नाही, आंदोलन नाही, सभा नाहीत. एक हुशार माणूस आहे आणि त्याच्या मागे चालणारे भले गावकरी आहेत.

हा फरक राजकीय आहे तितकाच यांत्रिकही आहे. पंधरा किलोवॅट म्हणजे नेमकं किती, ते पाहू. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे अडीचशे लिटर पाणी नळातून चक्रावर सोडलं आणि वाटेतली घट वजा केली, तर एवढी वीज मिळते. शंभर घरांत ती वाटली तर एका घराला दीडशे वॅट येतात, दोनशे घरांत वाटली तर पंचाहत्तर. म्हणजे दिवे लागतील, एखादा रेडिओ वाजेल. पण कुणी विजेची शेगडी लावली की सगळ्या ओळीतले दिवे मंदावणार. पिठाची गिरणी चालवायची तर ती दिवसा, दिव्यांची वेळ सोडून. अशा केंद्रात पाटाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यावर पालापाचोळा अडकतो आणि तो रोज काढावा लागतो. टाकीतला गाळ उपसावा लागतो, बेअरिंगला वंगण द्यावं लागतं. पावसाळ्यात कुणीतरी रात्रीसुद्धा पाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. उन्हाळ्यात धार बारीक झाली की कुणाच्या घरचा दिवा आधी बंद करायचा हे ठरवावं लागतं, आणि ते सगळ्यांना पटावंही लागतं. मेरीलँडमध्ये बसून चक्राचं गणित मांडता येतं, पण जाळी साफ करण्याच्या पाळ्या लावता येत नाहीत. सरकारी योजनेतले सौरदिवे दोन वर्षांत खांबावर नुसते लटकत राहिलेले पाहायला फार लांब जावं लागत नाही. त्या दिव्यांत तांत्रिक खोट क्वचितच असते. बॅटरी बदलण्यासाठी घरटी दहा रुपये कुणी गोळा करायचे, हे कधी ठरलेलंच नसतं.

आता आक्षेपाकडे येतो, आणि तो बिलगावच्या संदर्भात सगळ्यात बोचरा आहे: ते केंद्र टिकलं नाही. काही पावसाळ्यांनंतर पुराने ते उद्ध्वस्त केलं. त्याआधी डोमखेडीला केरळच्या याच अभियंत्यांनी उभारलेलं त्याहून लहान केंद्र सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडालं होतं. धरणाची भिंत 2006 मध्ये 121.92 मीटरपर्यंत चढली आणि पुढे दरवाजांसह 138.68 मीटर झाली. मग ही सगळी धडपड कशासाठी, असं कुणी विचारलं तर प्रश्न उडवून लावता येणार नाही. वीज मिळवणं एवढाच हेतू धरला तर जमाखर्च तोट्यातच निघतो. पण यावरून ‘बाहेरच्यांनी येऊन खेळणं उभारलं आणि ते मोडलं’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. मोठ्या धरणाच्या सावलीत छोटं केंद्र बांधणाऱ्यांना धरणाविषयी बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं, हे डोमखेडीने दाखवून दिलं. ‘एड’ आपल्या कामाची सूत्रं संघर्ष, सेवा, निर्माण अशी सांगते. देणगीदाराला यातलं निर्माण फार आवडतं, त्याचा फोटो निघतो. सेवाही चालते. संघर्ष म्हटलं की पाकीट आत जातं. पण जमीन कुणाची, पाणी कुणाचं, गावाला विचारलं का, हे प्रश्न बाजूला ठेवून केलेलं निर्माण पहिल्या मोठ्या पाण्यासरशी वाहून जाऊ शकतं. वीजकेंद्र गेलं, जीवनशाळा अजून चालतात, त्याही लोकांच्या देणग्यांवर. याचं कारण त्यांची मालकी कुणाची याबद्दल कधी संदिग्धता नव्हती.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि उजवीकडूनही: हे सगळं सरकारचं काम आहे, लोकांच्या वर्गणीतून शाळा-दवाखाने चालवले की सरकार अंग काढून घेतं. यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या चार शहरांतली मंडळी मिळून एका तालुक्याची आरोग्यसेवा चालवू शकत नाहीत, तशी उमेदही कुणी बाळगू नये. मात्र आपल्या राज्याचा अनुभव असा की सरकारने काय करायला हवं हे पुष्कळदा सरकारबाहेरच्या छोट्या प्रयोगातून कळलं आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतलं आणि 1970 मध्ये त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. खेड्यात प्रशिक्षित नर्स ठेवायची अशी त्यांची मूळ योजना होती. ती चालली नाही. परक्या गावात एकटीने राहायला नर्स तयार नसत आणि गावाचाही त्यांच्यावर विश्वास बसत नसे. मग गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर आणि अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायचं ठरलं, आणि तिथून जामखेड जगाला माहीत झालं. परदेशातल्या शिक्षणाने त्यांना साथरोगशास्त्र दिलं. कुणाच्या हातात ते द्यायचं हे जामखेडने सांगितलं. अभय आणि राणी बंग हेही हॉपकिन्सहून परतलेले. गडचिरोलीत त्यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी उतरलं, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते प्रसिद्ध केलं. 2011 मध्ये केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात बालसेवेचं हेच काम देशभरच्या आशाताईंकडे, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकांकडे, सोपवलं. सरकारने अंग काढून घेतलं नाही, उशिरा का होईना, अंगावर घेतलं.

अर्थात आरोळे आणि बंग परतले होते, जन्मभरासाठी. सॅन होजेत राहून महिन्याला दोन बैठका घेणाऱ्याची त्यांच्याशी बरोबरी करणं अन्यायाचं, दोन्ही बाजूंनी. इथे तिसरा आक्षेप येतो: जो गाव सोडून गेला, ज्याला तिथला दुष्काळ सोसायचा नाही, त्याला गावाच्या कामात बोलायचा अधिकार काय? मराठी माणसाला याचं उत्तर अमेरिकेत शोधायची गरज नाही, ते मुंबईच्या गिरणगावात आहे. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या एकेका गावाच्या गावकीच्या खोल्या असत. गिरणीत पाळी करणारे एका खोलीत आळीपाळीने झोपत आणि त्याच खोलीत ग्रामस्थ मंडळाच्या सभा भरत. गावच्या शाळेचं छप्पर, साकव, देवळाचा जीर्णोद्धार यांसाठी मंडळात वर्गणी जमे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जाई, आणि तिथे त्याला तोंडावर विचारलं जाई: पैसे दिलेस, मग पायरी अजून मोडकी का? त्याचं घर तिथे होतं, आई तिथे होती, पालखी त्याच्या दारावरून जायची. तो गाव सोडूनही गावाच्या हाताखाली होता. या मंडळांचे जेवढे गोडवे गायले जातात तेवढी ती निर्मळ नव्हती, हेही म्हणायला हवं. ती बहुधा वाडी आणि जातीप्रमाणे वेगळी असत, शाळेआधी देऊळ येई, आणि गावात राहून शेती सांभाळणाऱ्या बायकांना सभेत जागा नसे. तरी त्यांच्यात एक गोष्ट होती जी परदेशी मंडळांना सहज साधत नाही: देणाऱ्याला घेणाऱ्यासमोर उभं राहावं लागे.

शिकागोतल्या देणगीदाराला बिलगावचा पावरा शेतकरी जाब कसा विचारणार? मुंबई-कणकवली आणि शिकागो-धडगाव यांतला फरक मैलांचा नाही, या प्रश्नाचा आहे. आज अहवालांचा ओघ पूर्णपणे एका दिशेने आहे. संस्था इंग्रजीत अहवाल लिहिते, लाभार्थींची संख्या, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. तो अहवाल समुद्रापार जातो. मंडळाने यंदा पैसे का कमी केले, दुसऱ्या तालुक्याला का दिले, कुणाच्या आग्रहाने प्रकल्प बदलला, हे गावाला मराठीत किंवा पावरीत कुणी वाचून दाखवत नाही. आपल्या पेठांत गणपती मंडळाला जमाखर्च कार्यकर्त्यांपुढे आणि धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवावा लागतो, त्यावरून भांडणं होतात, आणि ती होतात म्हणूनच वर्गणी पुढच्या वर्षीही मिळते. परदेशस्थ संघटनांनी यातून इतकं तरी उचलावं की आपला हिशोब ग्रामसभेत मांडावा. सुट्टीवर आलेल्या स्वयंसेवकाने दोन दिवसांत प्रकल्प ‘तपासण्या’पेक्षा त्या दोन दिवसांत स्वतःला तपासू द्यावं, ते जास्त उपयोगाचं होईल.

पैशाच्या परकेपणाबद्दलचा आक्षेप मात्र मला अर्धवट माहितीतून आलेला वाटतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी कायद्याने परदेशी ठरतच नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की तोच माणूस, त्याच गावासाठी, तेवढेच पैसे देतो तेव्हा ती परदेशी देणगी होते आणि 2010 चा परकीय योगदान कायदा लागू होतो. नियमन हवंच, बाहेरच्या पैशाचा माग सरकारला लागला पाहिजे याबद्दल वाद नाही. पण 2020 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी अशा केल्या की त्यांचा मार नेमका लहान गावांना बसला. एक म्हणजे परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करायला बंदी झाली. धडगावसारख्या ठिकाणच्या छोट्या गटाला परदेशी देणगीसाठी लागणारं दिल्लीतलं खातं आणि नोंदणीचे सोपस्कार झेपत नाहीत. शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत त्यांच्यापर्यंत पोचणारा पैसा आटला. दुसरं म्हणजे प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. ऐकायला हे चांगलं वाटतं. पैसा ‘प्रत्यक्ष कामावर’ खर्च व्हावा, असं देणगीदारही म्हणतोच. पण पाड्यावर राहून सभा घेणारा, पाळ्या लावणारा, भांडणं मिटवणारा पूर्णवेळ कार्यकर्ता हेच प्रत्यक्ष काम असतं, आणि त्याचं मानधन कोणत्या रकान्यात बसवायचं याची धाकधूक आता प्रत्येक हिशोबनिसाला असते.

याच ठिकाणी परदेशातल्या स्वयंसेवकाला खरोखर काही करता येण्यासारखं आहे. इमारत बांधून द्यायला दाते मिळतात, ॲम्ब्युलन्सला मिळतात, कॉम्प्युटरला तर फारच. माणसाच्या दरमहा पोटापाण्याला कुणी मिळत नाही. ‘एड’ने आपल्या ‘साथी’ कार्यकर्त्यांची जबाबदारी घेऊन ही उणीव थोडी भरली. महाराष्ट्र फाउंडेशनने 1994 पासून साहित्याचे आणि नंतर समाजकार्याचेही पुरस्कार दिले आणि पुढे कसब्याला लागून असलेल्या शनिवार पेठेतल्या साधना ट्रस्टच्या साथीने ते चालू ठेवले. त्यातून कार्यकर्त्यांना रोख रक्कम आणि मान दोन्ही मिळालं. पण पुरस्कार एकदा मिळतो, किराणा दर महिन्याला लागतो. त्यावर पुण्या-मुंबईच्या मंडळींनी 1980 च्या दशकात एक तोड काढली होती. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांच्यासारख्या कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, बाबा आढाव आणि नरेंद्र दाभोलकरांसारख्यांनी त्याची बांधणी केली, आणि जमलेल्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. मुद्दल हलवायचं नाही, व्याजातून निवडक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं. त्यांनी काय काम करावं हे निधी ठरवत नाही. रक्कम लहानच होती, पण ती ठरलेल्या दिवशी येणार याची खात्री होती, आणि सातपुड्यात किंवा मेळघाटात मूल शाळेत घालायचं की गाव सोडायचं याचा निर्णय अनेकदा तेवढ्या खात्रीवर ठरतो. बे एरियातल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला जेवढा खर्च येतो, तेवढ्या मुद्दलाच्या व्याजावर असा एखादा कार्यकर्ता निदान काही काळ तरी निभावून जाईल.